नापास माणसाचं पुढे काय? सनद, परवाना आणि परीक्षा यांचा इतिहास



इथे येताना आम्ही फाट्यावर चहाला थांबलो होतो. नागपूर-अमरावती रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली होती. मनात आलं, या प्रत्येक चालकाच्या खिशात सरकारने दिलेला एक कागद आहे, आणि तो मिळवायला प्रत्येकाने कधी तरी परीक्षा दिली आहे. त्यातले काही पहिल्यांदा नापासही झाले असतील. मग काय झालं? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ९ बघा. चाचणीत नापास झालात, तर सात दिवसांनी परत या. तीनदा नापास झालात, तर मात्र साठ दिवस थांबा आणि मग या. 'तुला कधीच गाडी चालवता येणार नाही' असं कायदा कुणालाही म्हणत नाही. तो म्हणतो, 'अजून नाही.'

आमच्या आजच्या विषयाचं बी या दोन शब्दांत आहे. माणूस परवान्याच्या परीक्षेत नापास झाला, की समाज त्याला नेमकं काय सांगत असतो? 'अजून नाही', की 'या मार्गाने नाही', की 'कधीच नाही'? वेगवेगळ्या देशांनी आणि काळांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, इतिहासात थोडी घुसखोरी करतो आहोत, ती सांभाळून घ्या.

आधी एक फरक मनात पक्का करू. परीक्षा दोन जातींच्या असतात. एक जागांची, दुसरी लायकीची. तलाठ्याच्या शंभर जागा असतील आणि लाखभर मुलं बसली असतील, तर शंभर लागतील, बाकीचे राहतील. उद्या सगळेच दुप्पट हुशार झाले तरी शंभरच लागतील. तिथलं नापास होणं म्हणजे नुसता वजाबाकीचा हिशेब आहे, त्यावरून माणसाची किंमत ठरत नाही. परवान्याच्या परीक्षेचं तसं नाही. डॉक्टर, वकील, शिक्षक, वायरमन यांची परीक्षा घ्यायची ती एका तिसऱ्या माणसासाठी. परीक्षक एक, परीक्षार्थी दोन, आणि तिसरा जो त्या खोलीत कधीच नसतो: रोगी, पक्षकार, शाळेतलं पोर. त्या तिसऱ्याला इजा होऊ नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप असतो. शंभरातले शंभर लायक असतील तर शंभरही पास व्हायला हवेत, आणि एकही नसेल तर एकही नाही.

ही तिसऱ्या माणसाची काळजी फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे, की वैद्याने शास्त्र शिकावं, कर्म बघावं, स्वतः हाताने करावं, आणि मग राजाची अनुज्ञा घेऊन व्यवसायाला निघावं. हाताने करावं म्हणजे कसं? तर चिरा द्यायचा सराव आधी कोहळा, भोपळा, काकडी यांच्यावर करायचा. माणसाचं कातडं नंतर! म्हणजे परवाना आणि सराव या दोन्ही कल्पना आपल्याकडे होत्या.

आता थोडं लांब जाऊ, बगदादला. इसवी सन ९३१ ची गोष्ट. एका वैद्याच्या चुकीने रोगी दगावला, आणि खलिफा अल-मुक्तदिरच्या कानावर ते गेलं. त्याने हुकूम काढला, की शहरातल्या वैद्यांची परीक्षा घ्या, आणि जो उतरेल त्यानेच धंदा करावा. हे काम सिनान इब्न साबित या राजवैद्याकडे आलं. आठशेहून अधिक वैद्य परीक्षेला आले, असं जुने अरबी चरित्रकार सांगतात. त्यांनीच एक प्रसंग नोंदवला आहे. एक भारदस्त म्हातारा आला. सिनानने त्याला मानाने बसवलं आणि विचारलं, आपले गुरू कोण? म्हातारा कबूल करून बसला, की मला धड लिहिता-वाचता येत नाही, पण घर याच धंद्यावर चालतं, ते तोडू नका. सिनानने काय करावं? त्याने म्हाताऱ्याला हाकललं नाही, आणि 'चालू द्या' म्हणून सोडूनही दिलं नाही. त्याने अट घातली: जो आजार कळत नाही त्याला हात लावायचा नाही, रक्त काढायचं नाही, जहाल औषधं द्यायची नाहीत, साध्यासुध्या दुखण्यांपुरतंच काम करायचं.

मंडळी, ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला इथेच यायचं आहे. सिनानसमोर दोन माणसं होती. एक म्हातारा, समोर बसलेला. दुसरा तो रोगी, जो तिथे नव्हता. त्याने दोघांचाही विचार केला.

आता घरी येऊ. मराठी मुलखात पंडितांची मोठी परीक्षा म्हणजे पुण्याचा श्रावणमासाचा दक्षिणा-समारंभ. याची सुरुवात दाभाड्यांनी केली, तीही तळेगावातच. ते तळेगाव दाभाड्यांचं, आपलं श्यामजी पंतांचं! पुढे पेशव्यांनी तो पुण्याला नेला. शास्त्री येत, त्यांची परीक्षा होई, आणि योग्यतेप्रमाणे दक्षिणा कमी-जास्त मिळे. म्हणजे कमी पडलेला माणूस अगदी रिकाम्या हाती जात नसे, त्याची दक्षिणा कमी होई. पण भाबडेपणा नको. या परीक्षेचं दार ब्राह्मणांपुरतंच उघडं होतं. ज्याला परीक्षेला बसूच देत नाहीत, त्याला कुणी नापासही करत नाही, आणि त्याचं नाव कुठल्या निकालातही येत नाही. नापासांचा इतिहास लिहिताना या न बसलेल्यांना विसरून चालत नाही.

इंग्रजी अमलात सनदा आल्या. मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ ला निघालं, १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात भाऊ दाजी लाड होते. पण वैद्यकाची नोंदणी करणारा कायदा यायला १९१२ साल उजाडलं. तो मुंबई इलाख्याचा, देशातला अशा प्रकारचा पहिला. वकिलीत १८७९ च्या कायद्याने उतरंड मांडली: वकील, प्लीडर, मुखत्यार. प्रत्येकाची पात्रता वेगळी, कोर्ट वेगळं. लोकमान्य टिळक पुण्यात वकिलीच्या परीक्षांसाठी वर्ग चालवत, हे तुम्ही वाचलं असेल. वैद्यकातही तसंच. पदवीवाले एम.बी.बी.एस. वर, आणि खाली एल.सी.पी.एस., एल.एम.पी. हे परवानाधारक. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलने असे कितीतरी एल.एम.पी. डॉक्टर आपल्या भागाला दिले. आमच्या पिढीने लहानपणी ज्यांच्या हातची लाल बाटलीतली मिक्श्चरं प्यायली, त्यांतले पुष्कळ हेच.

या उतरंडीत अपमान होता. एल.एम.पी. डॉक्टरला पगार कमी, मान कमी, बढती अवघड. पण एक सोय होती. वरची पायरी हुकली तर खाली दुसरी होती, आणि तिच्यावर उभं राहून पुन्हा वर बघता येत असे. १९४६ साली भोर समितीने शिफारस केली, की देशात डॉक्टर एकाच दर्जाचा असावा. समितीतल्या काही सदस्यांनी असहमती नोंदवली, की खेड्यांना डॉक्टर कुठून मिळणार? पण परवानाधारकांचे अभ्यासक्रम बंद होत गेले. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याने वकिलीतही एकच वर्ग केला. समतेच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी बरोबर होत्या, असं आमचं मत आहे. गरिबाला दुय्यम डॉक्टर आणि श्रीमंताला अव्वल, हे स्वतंत्र देशाला शोभत नव्हतं. मात्र एक परिणाम झाला. मधल्या पायऱ्या गेल्या, की पडणारा थेट जमिनीवर येतो. तेव्हापासून 'नापास' या शब्दाचं वजन वाढलं.

या शब्दाचा जन्मही मजेचा आहे. 'ना' फारसी, 'पास' इंग्रजी, आणि दोघांचं लग्न मराठीत लागलं. 'परीक्षा' मात्र संस्कृत: परि म्हणजे सभोवार, ईक्षा म्हणजे बघणं. सर्व बाजूंनी बघणं म्हणजे परीक्षा. तीन तासांत एकाच बाजूने बघितलं, तर तिला हे नाव शोभतं का, हा प्रश्न आम्ही तुमच्यावर सोडतो.

आता आपल्याच जिल्ह्याशी नातं असलेला माणूस घेऊ. सेवाग्रामचे बापू. मोहनदास गांधी लंडनला बॅरिस्टर व्हायला गेले. मधल्या काळात तिथली मॅट्रिक दिली, आणि पहिल्या खेपेला लॅटिनमध्ये नापास झाले. सहा महिन्यांनी पुन्हा बसले, पास झाले. बॅरिस्टरीच्या परीक्षेबद्दल ते आत्मकथेत मोकळेपणाने सांगतात, की ती सोपी होती, रोमन लॉमध्ये शेकडा ९५ ते ९९ पास होत, अंतिम परीक्षेतही ७५ वर, आणि वर्षातून चार वेळा बसायची सोय. १० जून १८९१ ला ते बॅरिस्टर झाले. मुंबईला आले, स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, आणि तोंडातून शब्द फुटेना. फी परत करून बाहेर पडले. मग एका शाळेत पंच्याहत्तर रुपयांच्या मास्तरकीसाठी अर्ज केला, तर ते पदवीधर नाहीत म्हणून नकार मिळाला. बघा गंमत! सनद आहे पण बोलता येत नाही. इंग्रजी उत्तम येतं, पण कागद नाही म्हणून मास्तरकी नाही. परीक्षा आणि लायकी यांच्यात केवढी फट असू शकते, हे या एकाच माणसाच्या एका वर्षात दिसतं. पुढे १९२२ मध्ये राजद्रोहाच्या शिक्षेनंतर इनर टेंपलने त्यांचं नाव पटावरून काढलं, आणि १९८८ मध्ये पुन्हा लावलं. तोवर पक्षकार आणि वकील दोघेही इतिहासजमा झाले होते.

पास होऊनही दार बंद, अशीही उदाहरणं आहेत. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. पण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये. मधली वर्षं त्या पुन्हा पुन्हा परीक्षा देत राहिल्या: १८९७ ला मुंबई विद्यापीठाची एल.एल.बी., १८९९ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाची प्लीडरची. परीक्षा त्या पास होत होत्या, कमी पडत होतं ते दार. विनायक दामोदर सावरकर परीक्षा उत्तीर्ण झाले, तरी १९०९ मध्ये ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर करून घ्यायला नकार दिला, कारण राजकारण. त्याच ग्रेज इनमधून १९२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले. त्याच सुमारास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला होता. परीक्षकांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही, फेरमांडणी करून पुन्हा सादर करायला सांगितलं. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये तो सुधारून पाठवला, आणि डी.एस्सी. मिळवली. आम्ही विद्यार्थ्यांना हे नेहमी सांगत आलो. 'परत लिहून आण' हेही एक प्रकारचं नापास करणंच आहे, पण त्यात पुढची वाट असते.

आता इतर देश काय करतात ते थोडक्यात पाहू.

जर्मनीत वकील-न्यायाधीश व्हायचं तर दोन सरकारी परीक्षा. पहिली विद्यापीठातल्या शिक्षणानंतर, मग दोन वर्षं पगारी उमेदवारी, मग दुसरी. नियम कडक: नापास झालात तर साधारणपणे एकदाच पुन्हा बसता येतं. त्यानंतर ते दार बंद. पण कडकपणाला एक तोडगा आहे. ठरलेल्या मुदतीच्या आत लवकर बसलात आणि नापास झालात, तर ती खेप मोजतच नाहीत. एक वार माफ! आणि सहा-सात वर्षं घालवून हाती काहीच नाही, असं होऊ नये म्हणून अलीकडे काही विद्यापीठांनी त्याच शिक्षणाच्या वाटेवर एक पदवीही द्यायला सुरुवात केली आहे.

जपानमध्ये उलट. जुन्या पद्धतीत वकिलीच्या परीक्षेला कितीही वेळा बसा, पण पास होणार शेकडा दोन-तीन. किती वर्षं तर वर्षाला पाचशेच्या आसपास माणसं घेत. म्हणजे नाव लायकीच्या परीक्षेचं, काम जागांच्या परीक्षेचं. लोकांची तरुणपणाची दहा-दहा वर्षं त्यात गेली. २००४ पासून नव्या विधिशाळा आल्या, २००६ पासून नवी परीक्षा, आणि मर्यादा घातली: पाच वर्षांत तीन वेळा. ती फार आवळली असं वाटून २०१४ च्या दुरुस्तीने पाच वर्षांत पाच वेळा केली. विधिशाळेची फी न परवडणाऱ्यांसाठी २०११ पासून पूर्वपरीक्षेचं बाजूचं दारही उघडलं. दक्षिण कोरियात २०१२ पासून असाच नियम, पाच वर्षांत पाच वेळा, सूट जवळजवळ फक्त लष्करी सेवेला. 'पाच वेळा गळालेले' अशा अर्थाचा एक शब्दच तिथल्या भाषेत रूढ झाला आहे. आजारपण, बाळंतपण हे त्या पाच वर्षांतून वजा होत नाही, ही तिथली तक्रार. तरी घटना न्यायालयाने मर्यादा कायम ठेवली.

अमेरिकेत वकिलीचा नियम राज्यागणिक वेगळा. कॅलिफोर्नियात कितीही वेळा बसा, काही राज्यांत मर्यादा, आणि विस्कॉन्सिनमध्ये तिथल्या विधी महाविद्यालयातून शिकलात तर परीक्षाच नाही. डॉक्टरांच्या परवाना परीक्षेत प्रत्येक टप्प्याला पूर्वी सहा खेपा होत्या, आता चार. पण कुठल्या विषयात कच्चे आहात याचा तपशील नापास उमेदवाराला निकालाबरोबर मिळतो.

आपल्याकडे? वकिलांची अखिल भारतीय परीक्षा मार्च २०११ पासून सुरू झाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. बसायला खेपांची मर्यादा नाही. परदेशात वैद्यक शिकलेल्यांची परीक्षा २००२ पासून, ३०० पैकी १५० हवेत, तिथेही खेपा मोजत नाहीत. सनदी लेखापालांचं तर विचारूच नका. गटागटाने बसा, एखाद्या विषयात साठ मिळाले तर तो सुटतो, बाकीचे पुन्हा द्या.

म्हणजे आपण उदार आहोत, असं वाटतं. आम्हालाही पुष्कळ दिवस वाटत होतं. मग एक प्रसंग घडला. आमच्या ओळखीचा, शेतकऱ्याचा मुलगा, दूर शिकून आला आणि एका परवाना परीक्षेत दोनदा राहिला. दुसऱ्या वेळी दोन गुणांनी. त्याचे वडील आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सर, दोन मार्कांनी म्हंजे पोराले नेमकं काय येत नाही? तेवढं सांगा, शिकवून घेऊ." आम्ही चाळीस वर्षं पेपर तपासले, पण त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. कारण निकालपत्रावर फक्त आकडा होता. तेव्हा कळलं, की 'पुन्हा बसा' म्हणणं आणि 'अजून नाही' म्हणणं यांत फरक आहे. 'अजून नाही' म्हणणाऱ्याला काय कमी आहे ते सांगावं लागतं. ते न सांगता दार नुसतं उघडं ठेवलं, तर माणूस त्या दारातच म्हातारा होतो. मर्यादा घालणाऱ्या जपानला क्रूर म्हणण्याआधी हा विचार करावा. त्यांनी ती निदान काही अंशी दयेपोटी घातली होती.

आता शेवटचा मुद्दा. आज इथे शिक्षक मंडळी बरीच दिसतात, आणि त्यांच्या मनात काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी पास व्हावी लागेल. ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांना मुदत दोन वर्षं. ज्यांची त्याहून कमी, ते सेवेत राहतील, पण बढतीसाठी ती हवीच. वीस-पंचवीस वर्षं वर्गात उभे राहिलेले गुरुजी आणि बाई आज रात्री पोरांच्या वह्या बाजूला ठेवून गाइड वाचत आहेत.

आम्ही न्यायालयाच्या विरोधात बोलणार नाही. तिसरा माणूस इथे सहा वर्षांचं पोर आहे, आणि त्याचा चांगल्या शिक्षकावर हक्क आहे. परीक्षेचाही बाजार होऊ शकतो, हे आपल्या राज्याने पाहिलं आहे. २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन पास झाल्याच्या प्रकरणात सात हजारांहून अधिक उमेदवार अडकले. तेव्हा परीक्षा नकोच म्हणणं हे त्या पोराशी बेइमानी होईल.

पण इतिहास एक गोष्ट सांगतो. नवा परवाना सुरू करताना बहुतेक राज्यांनी आधीपासून काम करणाऱ्यांचा वेगळा विचार केला. इंग्लंडच्या १८५८ च्या वैद्यक कायद्याने १८१५ पूर्वीपासून धंदा करणाऱ्यांना नोंदणी दिली. आपल्या ॲडव्होकेट्स कायद्याच्या कलम ५५ ने जुन्या प्लीडर-मुखत्यारांचे हक्क राखले. आणि त्या सर्वांच्या आधी, हजार वर्षांपूर्वी, सिनानने त्या म्हाताऱ्याला अट घालून ठेवून घेतलं. त्याने विचारलं, हा काय करू शकतो, काय करू शकत नाही, आणि कुठवर त्याच्या हाती रोगी सोपवता येईल? सर्व बाजूंनी बघितलं. त्याला आम्ही परीक्षा म्हणतो.

शिक्षकाच्या बाबतीतही ते जमण्यासारखं आहे. परीक्षा द्यावी, जरूर द्यावी. पण जो कमी पडेल त्याला काय कमी पडलं ते सांगावं, त्याचा वर्ग एकदा जाऊन बघावा, आणि शिकायला वेळ व माणूस द्यावा. एवढं करूनही जो पोरांचं नुकसान करतो, त्याला मग 'नाही' म्हणायला आमची हरकत नाही. ते 'नाही' न्याय्य असेल, कारण त्याच्याआधी प्रामाणिक 'अजून नाही' होऊन गेलेलं असेल.

आणि घरच्यांसाठी एक. निकाल लागतो त्या दिवशी पोराला किती मिळाले हे लगेच विचारू नका. आधी जेवायला वाढा. त्या शेतकरी बापाचा प्रश्न मग सावकाश विचारा: नेमकं काय येत नाही? तेवढं शिकवून घेऊ. तो मुलगा तिसऱ्या खेपेला पास झाला, आज जवळच एका गावात रोगी तपासतो. वडील अजून भेटतात. आम्ही त्यांना उत्तर दिलेलं नाही, ते मात्र प्रत्येक वेळी आम्हाला चहा पाजतात.